वैशूचं दोन वर्षांचं कॉलेज

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि चौथीतसुद्धा माझ्या वहीवर लाल रेघा मारून बाई दमून जायच्या. ऱ्हस्व कुठलं, दीर्घ कुठलं हे मला आजही कळत नाही. कानाला जसं ऐकू येतं तसं लिहिते. अक्षर तर विचारूच नका. या हातांनी जन्मभर लाटणं धरलं, त्यामुळे पेन धरलं तरी बोटं तशीच वळतात आणि ओळी उतारावरून घसरल्यासारख्या खाली जातात. ही वही मी कुणासाठी लिहीत नाही. वैशूच्या हाती पडली तर ती हसेल आणि चुका दुरुस्त करायला बसेल. वैशू, करू नकोस. जशी आहे तशी राहू दे.

मी बोलण्यात कधीच पुढे नव्हते. चार माणसं जमली की मी स्वयंपाकघरात काहीतरी काम शोधायची. आयुष्यात दोनदाच मी घरच्या मोठ्यांसमोर तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा ते वैशूच्या कॉलेजपायी. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

आम्ही मूळचे इचलकरंजीचे. आबांचं मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान होतं. जळलेल्या मोटारी यायच्या, आबा त्यातली काळी पडलेली तार काढायचे आणि नवी तांब्याची तार भरायचे. माझी धाकटी बहीण वैशाली शाळेतून आली की दप्तरासकट दुकानात जाऊन बसायची आणि तारेचे वेढे मोजायची. आत्याने आम्हाला अमेरिकेला बोलवायचा अर्ज केला तेव्हा आई होती. बोलावणं आलं तेव्हा आई जाऊन दहा वर्षं झाली होती. आई गेली तेव्हा मी चौथी पास होऊन पाचवीचं पुस्तक आणलं होतं, वैशू पहिलीत होती. पुस्तक मी परत केलं. कुणी कर म्हणालं नव्हतं. सकाळी चूल कोण पेटवणार हा प्रश्न होता, आणि घरात तेवढं कळणारी मीच होते. त्यामुळे वैशूच्या शिक्षणाकडे मी बहिणीच्या नजरेने कधी बघितलंच नाही. माझं ठेवलेलं काहीतरी तिच्याकडे आहे असं मला वाटायचं.

शिकागोजवळ नेपरव्हिलला आत्याचं घर मोठं होतं. आत्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. तिच्या यजमानांना आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे आम्ही मामा म्हणायचो. ते एका कंपनीत इंजिनिअर होते. त्यांचा मुलगा निखिल दूर युनिव्हर्सिटीत शिकायला होता, सुट्टीत यायचा, आम्ही मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायचा आणि माझ्या चपात्या मात्र मराठीत मागायचा. आम्हा तिघांना खालचं बेसमेंट दिलं होतं. एका पडद्यामागे आबा, दुसऱ्या बाजूला मी आणि वैशू, आणि आमच्या उशाशी लाकडी दारामागे घर तापवणारा फर्नेस. त्या वर्षांचा आवाज कुठला असं कुणी विचारलं तर मी त्याचाच सांगेन. आधी टिक्‌ व्हायचं, मग एक बारीक शिट्टी, मग भप्प करून जाळ पेटायचा, आणि थोड्या वेळाने पंखा सुरू होऊन सगळ्या घराच्या भिंतींतून श्वास सोडल्यासारखी गरम हवा वाहायची. तिला धुळीचा, तापलेल्या पत्र्याचा वास असायचा. पहिल्या हिवाळ्यात मी त्या भप्पला दचकून उठायची. वैशू मात्र अंथरुणात पडल्या पडल्या बोटांवर मोजायची, टिक्‌पासून पंख्यापर्यंत किती वेळ लागतो ते.

आबांना एका गोदामात खोकी चढवायचं काम मिळालं. मी काय करणार हा प्रश्न आत्याच्या मैत्रिणींनीच सोडवला. एकीने माझ्या चपात्या खाल्ल्या आणि म्हणाली, "अगं, या पोळ्या मला आठवड्याला वीस दे ना, मी पैसे देते." पुण्यामुंबईच्या बायका पोळी म्हणायच्या, मी मनात चपातीच म्हणायची. एकीच्या सहा जणी झाल्या, मग अकरा. नवराबायको दोघं नोकरीला, घरी लहान मुलं, त्यांना तयार पोळ्यांची पाकिटं हवीच असायची. आत्याने स्वयंपाकघर वापरू दिलं, पीठतेल माझं. एक चपाती तीस सेंटला. तवा जास्त तापला की छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायचा, मग मी स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालायची आणि वरून आत्या ओरडायची, "संगे, घर पेटवतेस का गं?"

वैशू हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा ऐन जानेवारीत फर्नेस बंद पडला. टिक्‌ व्हायचं, जाळ पेटायचा आणि लगेच विझायचा. आम्ही स्वेटरवर कोट घालून बसलो. दुपारी एक म्हातारा मेकॅनिक आला, गुडघ्यावर बसला, दार उघडलं, आतून पेन्सिलीएवढी एक कांडी काढली, भांडी घासायच्या तारेच्या घासणीने ती पुसली आणि परत बसवली. भप्प झालं, आणि या वेळी जाळ टिकला. वैशू त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिने दोन प्रश्न विचारले, त्याने तिसऱ्याचं उत्तर न विचारता दिलं. जाताना त्याने एकशे दहा डॉलर घेतले.

"कार्बन चढला होता," आबा म्हणाले. "जाळ आहे हेच त्या कांडीला कळत नव्हतं."

"दहा मिनिटं, ताई," वैशू म्हणाली. "मी घड्याळ बघितलं."

वसंतात तिने एक पत्रक आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचा कोर्स होता, हीटिंग आणि एअर कंडिशनिंगचा. आत्याने चष्मा लावून वाचलं आणि पत्रक असं सरकवलं जणू त्याला तेल लागलंय. "हे कसलं कॉलेज? नापास मुलं जातात तिथे. लोकांच्या तळघरात जाऊन भट्ट्या साफ करणार तू? मी काय सांगू सगळ्यांना?"

मामांनी मात्र पिवळं पॅड मागवलं. मामांना कुठलीही गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय पटत नसे. त्यांनी मधोमध रेघ मारली. एका बाजूला निखिलच्या युनिव्हर्सिटीची फी लिहिली, राहायचा खर्च लिहिला, चारने गुणलं, आणि तो आकडा बघून स्वतःच पॅड थोडं लांब धरलं. दुसऱ्या बाजूला या कोर्सची फी, पुस्तकं, हत्यारं, जायला जुनी गाडी. एकूण आठ हजार. मग ते खुशीत येऊन म्हणाले, "हा म्हणजे आपला डिप्लोमाच झाला. मी काय केलं होतं? दहावीनंतर डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर. घरी पैसे नव्हते म्हणून तसं केलं, आणि आज बघा. वैशू दोन वर्षं इथे काढेल, मग युनिव्हर्सिटीत थेट दुसऱ्या वर्षाला. निम्म्या पैशात मेकॅनिकल इंजिनिअर."

आत्याचा चेहरा तिथल्या तिथे बदलला. "असं होतं होय? मग ठीक आहे." ती आबांकडे वळली. "दादा, पैसे मी देते. पण इंजिनिअर होणार असेल तरच हं. भट्टीवालीसाठी नाही."

आबा म्हणाले, "बघू की." आबांना हो म्हणायचं असलं की ते बघू की म्हणायचे.

कॉलेजात सरकारी मदतीचा एक फॉर्म मिळत होता, पण मामांनी तो भरू दिला नाही. आम्हाला आणताना त्यांनी कागदावर सही केली होती की ही माणसं सरकारवर भार होणार नाहीत. मदत मागितली तर सरकार आपल्याकडून वसूल करेल असं त्यांना वाटलं. शिक्षणाची मदत त्यात धरत नाहीत हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा घरात ज्याला त्याला खात्री होती आणि विचारायला कुणीच जात नव्हतं.

नाव घालायला वैशूबरोबर मी गेले, कारण आबांना रजा नव्हती. कुठला कोर्स घ्यायचा ते समजावणाऱ्या कौन्सिलर बाई गोऱ्या, जाड, गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेल्या. त्या वैशूशी बोलत होत्या आणि मी मांडीवर पर्स घट्ट धरून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. मग त्यांना वाटलं असावं की मोठ्या बहिणीलाही समजावं. त्यांनी कोरा कागद माझ्यासमोर ओढला, खाली एक चौकोन काढला आणि त्यातून दोन बाण काढले. एक बाण एका घराकडे गेला, त्याच्यावर त्यांनी पाना काढला. दुसरा एका खांबांच्या इमारतीकडे, म्हणजे युनिव्हर्सिटीकडे. मग वैशूच्या पत्रकावर बोट ठेवलं, आणि पान्याच्या बाणावरून ते बोट सावकाश फिरवलं. इमारतीच्या बाणाकडे बोट नेऊन नाही अशी मान हलवली. मला इंग्रजी येत नव्हतं, पण एवढं कळलं.

वैशूने काहीतरी विचारलं. बाईंनी दुसरं पत्रक काढून दिलं. त्यात गणितंच गणितं होती.

परत येताना बसस्टॉपवर बाकावर बर्फ वितळून पाणी साचलं होतं म्हणून आम्ही उभ्याच होतो. मी विचारलं, "वैशू, यातून इंजिनिअर होता येत नाही ना?"

"नाही. दोनचार विषय धरतील, बाकी पहिल्यापासून. इंजिनिअर व्हायचं तर हा दुसरा कोर्स घ्यायचा, मग पुढे युनिव्हर्सिटी."

"मग तो घे."

"मला इंजिनिअर नाही व्हायचं, ताई. मामा दिवसभर खुर्चीवर बसून कागदावर मशिनची चित्रं बघतात. मला ते मशिन उघडायचंय." मग ती हळू आवाजात म्हणाली, "दोन वर्षांत मी कमवायला लागेन. आबांना त्या गोदामातून काढायचंय मला. पाठ बघितलीस त्यांची? तू मामांना सांगू नकोस. कोर्स झाला की मीच सांगेन."

बसमध्ये मी हिशेब केला. चौथीपर्यंतचे पाढे मला पक्के येतात. तीस सेंटची एक चपाती. आठ हजार डॉलर म्हणजे सव्वीस हजारांच्याही वर चपात्या, आणि पीठतेल वेगळं. पलीकडच्या बाजूला काय ठेवायचं ते मला कळेना. वैशूचा पगार किती असेल मला माहीत नव्हतं. आबांच्या पाठीला किती धरायचे? माझ्या परत केलेल्या पाचवीच्या पुस्तकाला किती? आणि खोटं बोलून पैसे घ्यायचे ते कुठल्या बाजूला लिहायचं? बस आमच्या स्टॉपला थांबली तेव्हा मी एवढंच म्हणाले, "बरं, नाही सांगत." माझ्यासारख्या माणसाला गप्प राहणं सोपं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

ते सोपं नव्हतं. रोज त्यांच्या टेबलावर जेवायचं, त्यांच्या गॅसवर तवा ठेवायचा, आणि मामा कौतुकाने विचारणार, "काय इंजिनिअर, आज काय शिकलात?" वैशू काहीतरी सांगायची, ते खरंच असायचं, तांब्याची नळी कशी जोडायची, हवेतलं पाणी कसं मोजायचं. मामा रंगून जायचे. तिच्या वर्गात तीच एक मुलगी होती. पहिल्या महिन्यात मुलांनी तिच्या हत्यारांच्या पेटीला गुलाबी रिबन बांधली. तिने ती सोडली नाही, वर्षभर तशीच नेली, मळून काळी होईपर्यंत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आत्याकडे तीस-एक बायका यायच्या. वाण म्हणून त्या वर्षी मोजायच्या चमच्यांचे संच आणले होते. मी तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होते. एक पुण्याच्या बाई म्हणाल्या, "वैशाली कुठे असते हल्ली? दिसत नाही."

"मेकॅनिकल करतेय," आत्या म्हणाली.

"अय्या, हो? कुठल्या युनिव्हर्सिटीत?"

"आधी इथे दोन वर्षं डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर. आमच्या ह्यांनीच सगळं प्लॅन केलं. एवढे पैसे वाचले, निखिलच्या वेळेला सुचलंच नाही बघा."

"इकडे असं असतं?" दुसऱ्या एकीने विचारलं.

"असणारच," आत्या म्हणाली. "तिकडे आहे तर इकडे नसेल का?"

सगळ्याजणी हसल्या. माझ्या हातातलं ताट तिरपं झालं आणि चार लाडू गालिच्यावर गडगडत गेले. मी गुडघ्यावर बसून ते वेचत होते तेव्हा आत्या प्रेमाने म्हणाली, "आमची संगी इतकी लाजते, तिच्याकडे नुसतं बघितलं तरी ताट पडतं." मी लाडू वेचत राहिले. त्या रात्री फर्नेसचा टिक्‌ झाला की मला वाटायचं, आता सांगावं. जाळ पेटायचा, पंखा सुरू व्हायचा, आणि मी पडून असायची.

आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, वैशूची चूक लहान होती. ती अठरा वर्षांची, तिला एक गोष्ट हवी होती. मी मोठी होते. मामांचा तो पिवळा कागद स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये होता, मी रोज त्यातून उलथनं काढायची.

कोर्स संपला. वैशू चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि तिला एका कंपनीत काम मिळायची बोलणीही चालू होती, पण घरात सांगायचं धाडस तिला होईना. उद्या सांगते म्हणायची आणि माझ्याकडे बघायची नाही. मामांनी तिला न विचारता रजा टाकली. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात भेटीची वेळ घेतली, तिची सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावली, सर्वांत वर त्यांनी स्वतःच्या डिप्लोमाची पिवळी पडलेली झेरॉक्स ठेवली होती, पद्धत कशी असते ते तिथल्या माणसाला दाखवायला. त्या सकाळी ते टाय लावून खाली आले. आत्या वाटीत दहीसाखर घेऊन उभी होती. वैशूने हात पुढे केला. आत्याने तिच्या तळव्यावर चमचाभर दही ठेवलं आणि म्हणाली, "खा आणि नीघ, उशीर नको."

वैशूने दही खाल्लं नाही. ती तळहाताकडे बघत तशीच उभी राहिली. मामा बूट घालत होते, आणि मी पाहिलं की त्यांनी ते रात्रीच पॉलिश करून ठेवले होते. त्या बुटांनी मला बोलतं केलं. वैशूपायी मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते हे.

"मामा, जाऊ नका."

"का गं? काय राहिलं?"

"ते घेणार नाहीत तिला. हा कोर्स तसला नाही. मला दोन वर्षांपासून माहीत आहे."

दही वैशूच्या मनगटावरून खाली ओघळलं. ती म्हणाली, "मीच ताईला गप्प राहायला सांगितलं," पण मामा माझ्याकडेच बघत होते.

"तुला कुणी सांगितलं?"

"नाव घातलं त्या दिवशी त्या बाईंनी कागदावर काढून दाखवलं. दोन बाण होते. वैशूचा बाण इमारतीकडे जात नव्हता."

"आणि तुला कळलं."

"हो."

मामा खुर्चीवर बसले आणि एक बूट काढला. दुसरा तसाच पायात. बराच वेळ ते फाइल उघडून आपल्या त्या पिवळ्या झेरॉक्सकडे बघत होते. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी या देशात आहे. एक फोन करून विचारायचं होतं. मला वाटलं, मला माहीत आहे."

आत्याचं तसं नव्हतं. ती आधी रडली आणि मग बोलायला लागली. "माझ्या घरात राहून, माझ्या ताटात जेवून मला फसवलंत? तीस बायकांसमोर मी सांगितलं. आता काय सांगू, भट्टीवाली झाली म्हणून? मी काय म्हणून पैसे दिले होते?"

"पैसे परत करीन मी," मी म्हणाले.

"कशातून? चपात्या लाटून?"

"हो."

आत्याने वाटी ओट्यावर ठेवली आणि वर निघून गेली. संध्याकाळी आबा कामावरून आले, सगळं ऐकलं, हातपाय धुतले आणि म्हणाले, "आता आपण इथे राहू नये." या वेळी ते बघू की म्हणाले नाहीत.

आम्ही रेल्वे लाइनजवळ दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं. शिकागोच्या गाड्या गेल्या की ताटाळ्यातली ताटं वाजायची. माझ्या अकरा गिऱ्हाइकांपैकी चार आत्याच्या जवळच्या होत्या, त्या सुटल्या. पण नवीन लोक येतच होते, मॉरिसव्हिलहून, जर्सी सिटीहून बदली होऊन आलेली तरुण जोडपी, त्यांना आमचा काही इतिहास माहीत नव्हता. वैशू कामाला लागली. त्या कामाबद्दल खरं लिहायचं तर सगळंच गोड नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात तिची बोटं पत्र्याने कापून कापून अशी झाली की मी तिला भरवायची. बर्फात गच्चीवर चढून कॉम्प्रेसर बघायला लागायचा. एका घरी बाईने दार उघडून तिच्या मागे बघितलं आणि मेकॅनिक कुठे आहे असं विचारलं. वैशू म्हणाली, मीच, आणि आत गेली. पहिला पगार निखिलच्या मित्रांच्या पगारापुढे काहीच नव्हता. पण तो दर पंधरा दिवसांनी यायचा, आणि कधी कमी झाला नाही. दुसऱ्या वर्षी तिने आबांना गोदाम सोडायला लावलं.

ठरवून दर महिन्याला आत्याचे साडेतीनशे डॉलर फेडायचो. निम्मे वैशूचे, निम्मे माझ्या चपात्यांचे. यावरून आमचं भांडण झालं होतं, ती म्हणाली सगळे मी देते, मी म्हणाले तोंड मी बंद ठेवलं होतं, निम्मे माझे. मी पाकीट घेऊन मामांच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये जायची. मामा पाकीट न उघडता खिशात टाकायचे. "राहू दे गं. घरचेच आहेत." ते माझं मन राखायला म्हणत, पण मला ते लागायचं. मी प्रत्येक नोट इस्त्री केल्यासारखी सरळ करून आणलेली असायची. मनात म्हणायची, मोजा हो मामा, एकदा तरी मोजा. तोंडाने कधी म्हटलं नाही. आत्या या काळात आमच्याशी बोलत नव्हती. दोन संक्रांती आम्हाला बोलावणं आलं नाही.

बाविसावं पाकीट देऊन झालं तेव्हा तीनशे उरले. वैशू म्हणाली, पोस्टाने चेक पाठवू. मी म्हणाले, नाही, हे मी आत्याच्या हातात देते. बँकेतून विसाच्या पंधरा नोटा आणल्या, डब्यात भडंग भरलं आणि शनिवारी सकाळी तिच्या दारात उभी राहिले. आत्याने दार उघडलं. तिचे केस खूप पांढरे झाले होते. ती बाजूला सरली, म्हणजे आत ये.

आम्ही त्याच टेबलावर बसलो. तिने चहा केला, साखर माझ्याएवढी घातली, विसरली नव्हती. खालून फर्नेसचा टिक्‌ झाला, शिट्टी वाजली, मग पंखा सुरू झाला आणि त्यात एक खरखर होती.

"हल्ली आवाज करतो तो," आत्या म्हणाली. "वैशीला सांग येऊन बघायला. आणि तिचे जे काय होत असतील ते घे म्हणावं. फुकट नको."

"सांगते."

मग तिने विचारलं, "मला तेव्हाच सांगितलं असतंस तर काय झालं असतं, संगे?"

"तू पैसे दिले असतेस?"

आत्याने चहा हलवला. "नसते दिले," ती म्हणाली.

मी पाकीट टेबलावर ठेवलं. तिने ते उचललं आणि तसंच देवापुढे ठेवायला उठली.

"मोजून घे, आत्या," मी म्हणाले. हे माझं दुसऱ्यांदा तोंड उघडणं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग परत खाली बसली, चष्मा लावला, पाकीट फाडलं, जिभेला बोट लावलं आणि एकेक नोट टेबलावर टाकत मोजायला लागली, वीस, चाळीस, साठ, बँकेतल्या बाईसारखी, घाई न करता. शेवटची नोट टाकून तिने सगळ्या एकत्र केल्या आणि कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या.

"तीनशे," ती म्हणाली. "बरोबर आहेत. आठ हजार पूर्ण झाले."